सेवा पास, मालक नापास

ज्याच्याजवळ हेवा करण्यासारखं काहीही नाही अशा एका माणसाचा हेवा करण्यात मी आयुष्याची बावीस वर्षं घालवली आहेत. तो माणूस म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उंची बेताची, आवाज घोगरा, शर्ट बारा महिने फिकट निळा आणि खिशाला लाल शाईचं पेन. त्याला गाता येत नाही, गाडी चालवता येत नाही, आणि पत्त्यांत तो ज्याचा भिडू होतो त्याची वाट लागते. तरीही लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही दोघं बरोबर शिरलो की लोक हात पुढे करून त्याच्याकडे धावतात आणि मला विचारतात, गाडी लावायला जागा मिळाली का. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, कारण तो चार वर्षांनी मोठा आहे. मनात मात्र नेहमी अरे-तुरे. हेव्यात आदरार्थी बहुवचन टिकत नाही.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी आहे. मी तिथे चोवीस वर्षं राहतो आणि त्यातली अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. पाण्याची टाकी धुण्यापासून कबुतरांच्या जाळीपर्यंत या इमारतीत जे काही झालं ते मी लिहिलेल्या पत्रांमुळे झालं. साडू सहा वर्षांपूर्वी भांडुपची जागा सोडून आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आला आणि सहा महिन्यांत वॉचमन, इस्त्रीवाला, कचरा न्यायला येणाऱ्या बाई, सगळे त्याचे झाले. मी खाली उतरलो की वॉचमन उठून उभा राहायचा, मला बरं वाटायचं, आणि तो विचारायचा, “साहेब, काका बरे आहेत ना? आज दिसले नाहीत.” माझ्या बायकोचंही तेच. घरात काहीही बिनसलं की ती एकच वाक्य म्हणायची, “भावोजी असते तर असे वागले नसते.” भावोजी एक मजला खाली असायचे, आणि बहुधा खरंच तसे वागले नसते.

भांडुपच्या एका फॅक्टरीत त्यानं तेहतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली. समोर आलेला लोखंडी भाग मोजायचा, बरोबर असला तर ‘पास’ लिहायचं, नसला तर लाल शाईनं ‘नापास’. फॅक्टरी बंद पडली, तिथे उंच टॉवर आला, पण त्याची नजर काही निवृत्त झाली नाही. ती माणसांवर वळली. फरक एवढाच की फॅक्टरीत तो खोट शोधायचा आणि बाहेर आल्यावर चांगलं काम शोधायला लागला. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं एसटीनं कणकवलीला गेलो होतो. गाडीतून उतरल्यावर साडूनं सरळ डेपोत जाऊन तक्रार वही मागितली. आतल्या साहेबांनी आधी खुर्ची दिली, मग चहा मागवला, मग ड्रायव्हरला बोलावून घेतलं. ड्रायव्हर येऊन कोपऱ्यात हात बांधून उभा राहिला. साडूनं शांतपणे अर्धं पान लिहिलं. चालकानं घाटात एकदाही अचानक ब्रेक मारला नाही, म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ दिला, पास. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“यात तक्रार कुठे आहे?”

“नाहीच आहे.”

“मग तक्रार वही कशाला मागितलीत?”

“कौतुकाची वही ठेवता काय तुम्ही?” साडूनं विचारलं. त्यावर ड्रायव्हर कोपऱ्यातून पुढे आला आणि त्याच्या पायाच पडला. तेव्हापासून दर मे महिन्यात त्या ड्रायव्हरच्या घरून साडूकडे आंब्याची पेटी येते. मी आयुष्यभर अनेक ठिकाणच्या वह्यांत तक्रारी लिहिल्या आहेत, मुद्देसूद, क्रमांक घालून. मला आजवर फक्त पोच मिळाली आहे.

तीनचार वर्षांपूर्वी मुलुंड पश्चिमेला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, बर्गर आणि पिझ्झाचं एक शुद्ध शाकाहारी दुकान उघडलं. त्याच नावाच्या शाखा मुंबईभर आहेत. साडूचं आणि त्या दुकानाचं जमायचं काही कारण नव्हतं. तो मालवणकडचा, मासे सोडून दुसरं काहीही खाण्याला तो ‘पोट भरणं’ म्हणतो, आणि बर्गर म्हणजे शहरात शिकून आलेला बटाटावडा अशी त्याची समजूत. पण नातवंडांबरोबर एकदा तिथे गेला आणि त्यानंतर दर मंगळवारी चार वाजता एकटा जाऊ लागला. मी एकदा खवचटपणे विचारलं, “त्या पावात असं आहे तरी काय?”

“पावात काही नाही रे. आत शिरल्यावर ‘वेलकम सर’ म्हणतात. तेहतीस वर्षं मी फॅक्टरीच्या गेटातून आत गेलो, कुणी एकदा म्हणालं नाही. उलट संध्याकाळी डबा उघडून बघायचे.”

ते ‘वेलकम’ त्या लोकांना शिकवून पाठ करून घेतलेलं असतं, असं मी मनात म्हणालो, पण ते मनातच राहिलं.

दुकानात पडद्यावर बोट ठेवून ऑर्डर द्यायची सोय होती. साडू त्या पडद्याच्या वाटेला जात नसे. “त्याच्या छातीवर नाव नाही,” म्हणायचा. तो काउंटरच्या रांगेत उभा राहायचा आणि छातीवरची नावं वाचायचा. त्यातलं एक नाव होतं सुजाता. चाळिशीची बाई, टोपीखालून एखादा पांढरा केस डोकावणारा, विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून येणारी. पहिल्याच महिन्यात तिनं एका दात नसलेल्या आजींचा बर्गर, कुणी न सांगता, आत नेऊन सुरीनं आठ तुकडे करून आणून दिला होता. साडूनं ते पाहिलं आणि अभिप्रायाचं कार्ड मागून घेतलं. तेव्हापासून दर मंगळवारी एक कार्ड. काउंटरवर ती त्याला ‘सर’ म्हणायची, कारण तसा नियम होता. ड्युटी संपून बसस्टॉपवर भेटली तर “जय भीम काका” म्हणायची, आणि हा “जय भीम, सुजाताबाई” म्हणून तिच्या मुलीच्या बारावीची चौकशी करायचा.

माझ्या साठीला बायकोनं आणि मेहुणीनं मला त्याच दुकानात नेलं. कल्पना अर्थातच साडूची. सगळे कर्मचारी टाळ्या वाजवत आमच्या टेबलाभोवती जमले, माझ्या डोक्यावर कागदी टोपी चढवली आणि वाढदिवसाचं गाणं म्हटलं. गाणं माझं, पण म्हणताना सगळ्यांचे डोळे साडूकडे. फोटो काढताना एक जण मला म्हणाला, “सर, जरा बाजूला होता का, काका दिसत नाहीत.” मी साठाव्या वर्षी, कागदी टोपी घालून, स्वतःच्या वाढदिवसाच्या फोटोतून बाजूला झालो.

मग चटणी आली. एका मंगळवारी साडू काचेची बाटली घेऊन आमच्या घरी आला. सुजाताबाईंनी दिलेली सुकटीची चटणी. माझ्या बायकोनं भाकरीबरोबर चाखली आणि बोटं चाटत म्हणाली, “हिला घरी बोलवा हो भावोजी.” साडू हसला, मग जरा गंभीर झाला. “कुणाजवळ बोलू नका हं. तिथे कामाला लागताना फॉर्मवर शाकाहारी असं लिहावं लागतं. त्यांनी लिहिलंय. डब्यात कधी नेत नाहीत, पण कळलं तर त्रास होईल.” आम्ही मान डोलावली. माझ्या मनात त्या क्षणी फक्त एवढंच होतं की ज्या बाईच्या काउंटरवर मीही डझनभर वेळा गेलो आहे तिनं मला कधी टिश्यू पेपरसुद्धा जास्तीचा दिला नाही आणि याला चटणी.

त्यानंतर महिन्याभरात त्या दुकानाच्या मालकांच्या मुलाखतीचा एक तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरू लागला. मालक म्हणत होते की ज्या घरात मांस-मच्छी शिजते तिथल्या लोकांना शेजारी ठेवू नये, आपण आपल्या इमारतींत त्यांना जागा देत नाही, आणि दुकानात माणूस ठेवतानाही घर बघून ठेवतो, कारण अशा घरातल्या हाताला शुद्धता नसते. मुलुंड-घाटकोपरला राहणाऱ्या माणसाला ही भाषा नवीन नाही. मलाच लग्नानंतर भाड्यानं जागा शोधताना दोन ठिकाणी “खाता काय?” असं विचारून परत पाठवलं होतं. त्यामुळे मुलाखत ऐकून मला राग आला, आणि तो खरा होता. पण त्या रागाच्या खाली एक गोड गारवाही जाणवला, तो कसला ते मी त्या वेळी तपासलं नाही. दर मंगळवारच्या चार वाजण्याला आता काय होणार, हा तो गारवा.

मी त्याच दुपारी बहिष्काराची नोटीस लिहायला घेतली. चौदा मुद्दे. अकरा वर्षांच्या सेक्रेटरीपदाचं सारं कसब त्यात ओतलं. तेरावा मुद्दा असा होता: याच दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या भगिनी स्वतः मासे खातात आणि पोटासाठी खोटं लिहून राबतात, यावरून मालकांचा ढोंगीपणा उघड होतो. नोटीस घेऊन मी साडूकडे गेलो, पहिली सही त्याची घ्यायची म्हणून. त्यानं चष्मा लावून सगळी वाचली, लाल पेन काढलं आणि तेराव्या मुद्द्यावर आडवी रेघ मारली.

“हे नको.”

“का? सगळ्यात जोरदार मुद्दा आहे तो.”

“नको म्हटलं ना. बाकीचं ठीक आहे. सहीचं मग बघू, आधी सुजाताबाईंना विचारतो.”

“अहो, बहिष्कार मालकावर आहे. यात त्यांना काय विचारायचं?”

“मालक आपल्याला कधी भेटलाय? ज्या भेटल्यात त्यांना विचारतो,” असं म्हणून त्यानं चपला घातल्या.

तो परत आला आणि सही करणार नाही म्हणाला. सुजाताबाई त्याला म्हणाल्या होत्या, “काका, तुम्ही आला नाहीत तर मालकांना पत्ताही लागणार नाही. गिऱ्हाईक कमी झालं की आमच्या ड्युट्या कमी होतील.” त्यानं हे मला सांगितलं, पण मला ते ऐकायचं नव्हतं. दुरुस्ती करणारा लाल पेनवाला आणि दुरुस्त होणारा मी, एवढंच मला दिसत होतं. घरी येऊन मी नोटीस पुन्हा छापली, तेरावा मुद्दा जसाच्या तसा ठेवला, लिफ्टशेजारी लावली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. साडूनं ती एकदा तपासली होती, आणि एकदा तपासलेला माल तो पुन्हा तपासत नसे. बत्तीस घरांनी सह्या केल्या. लोक मला जिन्यात थांबवून शाबासकी देऊ लागले. वॉचमननं विचारलं, “साहेब, आज बरे आहात ना?” बावीस वर्षांत असे तीन महिने मला मिळाले नव्हते.

कारण साडू दर मंगळवारी चार वाजता सगळ्यांच्या देखत त्या दुकानात जातच राहिला. लोक त्याला ‘मालकाचा माणूस’ म्हणू लागले. गणपतीच्या मीटिंगमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मी ती रिकामी खुर्ची पाहिली आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. त्याला मात्र फरक पडलेला दिसला नाही. नाही म्हणायला मेहुणी एकदा माझ्या बायकोजवळ म्हणाली की हल्ली हे जेवताना बोलत नाहीत. कार्डं भरणं चालूच होतं, फक्त आता त्यावर दोन ओळी असायच्या. पहिली: सेवा पास. दुसरी, लाल शाईत: मालक नापास. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर.

आता गंमत अशी की ही कार्डं मुख्य ऑफिसात जात आणि तिथे ती कुणी वाचत नसे, नुसती मोजली जात. शाखेच्या वर्धापनदिनाला सगळ्यात निष्ठावान ग्राहकाचा सत्कार करायचा ठरला. सगळ्यात जास्त कार्डं साडूची. त्याला छापील पत्र आलं: शाल, श्रीफळ, आणि सत्कार खुद्द मालकांच्या हस्ते. ही बातमी सोसायटीत पसरली तेव्हा मी ग्रुपवर एकच शब्द लिहिला, ‘अभिनंदन’, आणि त्यापुढे टाळ्यांचं चित्र टाकलं. त्यातला विखार सगळ्यांना कळला. सत्काराच्या दिवशी आम्ही सोसायटीचे दहाबारा जण मुद्दाम गेलो. खाणार काही नव्हतो. बघायला गेलो होतो.

मालक सत्तरीचे असावेत. पांढरा कुडता, चाल जरा वाकलेली, बोलणं अत्यंत गोड. मेहुणी उभी आहे असं दिसताच त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. मला कबूल करायला हवं की मालकांची स्वतःची सेवाही पहिल्या दर्जाची होती. टेबलावर साडूच्या कार्डांचा गठ्ठा सोनेरी रिबीन बांधून ठेवला होता. सुजाताबाई आणि बाकीचे टोप्या घालून काउंटरमागे रांगेत उभे होते. मालकांनी शाल उघडली आणि विचारलं, “भाऊसाहेब, आमच्याकडे तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?”

“तुमच्याकडची माणसं,” साडू म्हणाला. “मी तेहतीस वर्षं माल तपासला. असं काम फार कमी वेळा बघितलं.”

टाळ्या झाल्या. मालक शाल घेऊन पुढे झाले.

“पण शाल घालायच्या आधी एक सांगायला हवं,” साडू म्हणाला, “नाहीतर तुमची फसवणूक होईल. मी मालवणकडचा आहे. आज दुपारी बांगड्याचं तिखलं खाऊन आलोय. हात दोनदा साबणानं धुतले, पण बांगड्याचा वास इतक्यात जात नाही. माझ्या घरात आठवड्यातून पाच दिवस मासे शिजतात. अशा माणसाला शेजारी ठेवू नये असं तुम्ही मुलाखतीत म्हणालात. म्हणून विचारतो. घालणार का शाल?”

आवाज चढला नव्हता. टपालाच्या खिडकीवर एखादा विचारतो ना, तिकीट इथे लावू की मागे, त्या सुरात त्यानं विचारलं. मालकांचे हात शालीसकट हवेत थांबले.

“ते माझं वैयक्तिक मत आहे,” मालक म्हणाले. “दुकानात आम्ही सगळ्यांना सारखी सेवा देतो.”

“ते तर मी प्रत्येक कार्डावर लिहिलंय. दुसरी ओळही वाचा.”

मालकांनी रिबिनीतून एक कार्ड ओढलं आणि वाचलं. मग दुसरं ओढलं. दोन ओळी वाचायला माणसाला इतका वेळ लागत नाही. शेवटी त्यांनी शाल शेजारच्या टायवाल्या मॅनेजरच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, “तू घाल.”

साडू एक पाऊल मागे सरला. “नको, मग राहू दे. तुमच्या हातानं घातली असती तर घेतली असती.” त्यानं मालकांना नमस्कार केला, अगदी मनापासून केला, आणि काउंटरसमोर जाऊन उभा राहिला. त्या सगळ्या शांततेत सुजाताबाईंचा नेहमीचा आवाज आला, “वेलकम सर.” साडूनं नेहमीचा बर्गर मागितला.

टाळ्या आमच्या सोसायटीच्या लोकांनी वाजवल्या. ज्यांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती त्यांनीच. मीही वाजवल्या, पण सगळ्यांच्या नंतर, कारण मी दुसऱ्याच विचारात होतो. माझ्या चौदा मुद्द्यांत जे आलं नाही ते या माणसानं एका बांगड्यात बसवलं होतं, आणि ते मला का सुचलं नाही. बांगडे तर मीही खातो.

घरी जाताना पुलावर मी त्याला विचारलं, “हे आधीच ठरवलं होतंत?”

“हो. सुजाताबाईंना विचारलं होतं. म्हणाल्या, बोला काका, पण आमच्याबद्दल काही नको. मग माझ्याबद्दलच बोललो.”

तेरावा मुद्दा मला तेव्हा, तीन महिन्यांनी, पहिल्यांदा नीट दिसला.

सव्वा महिन्यानं सुजाताबाईंची बदली बोरिवलीच्या शाखेत झाली. विक्रोळीहून बोरिवली म्हणजे जायला दोन बस आणि यायला दोन बस. बदलीच्या कागदावर कारण नव्हतं. साडूनं ते माझ्या घरी येऊन सांगितलं आणि आमच्या सोफ्यावर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिला. “माझ्यामुळे झालं ता,” म्हणाला. घाबरला किंवा दुखावला की तो मालवणीवर येतो. “मोठेपणा करूक गेलंय मी.” माझी बायको म्हणाली, “नाही हो भावोजी, कशावरून?” माझी नोटीस ग्रुपवरून कुठे कुठे गेली असेल याचा मी मनातल्या मनात माग काढत होतो आणि प्रत्येक वाट त्या टायवाल्या मॅनेजरपाशी जाऊन थांबत होती.

पुढच्या मंगळवारी साडू दुपारी दोनलाच निघाला, बसनं बोरिवलीला. त्याच्या पुढच्या मंगळवारी मीही निघालो. का येतोस असं त्यानं विचारलं नाही. पवईचा तलाव आला की तो खिडकीची जागा मला द्यायचा. बोरिवलीला पोचून बर्गर खायचा, सुजाताबाईंशी काउंटरवर चार शब्द बोलायचे, कार्ड भरायचं, परत यायचं. असं आम्ही सात महिने केलं. दर मंगळवारी घरातून निघताना मी ठरवायचो, आज सांगायचं. जाताना वाटायचं, येताना सांगू. येताना त्याला डुलकी लागलेली असायची.

मग एका मंगळवारी सुजाताबाईंनी सांगितलं की घराजवळच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यांना काम मिळालंय, महिनाअखेरीला त्या हे सोडणार. स्वयंपाकघराची सगळी जबाबदारी. “आणि डब्यात काय आणते ते तिथे कुणी विचारत नाही,” म्हणाल्या. साडूचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा झाला. येताना त्याला डुलकी लागली नाही, आणि मला पुढे ढकलायला आणखी मंगळवार उरले नव्हते.

“तुमच्यामुळे नाही झाली ती बदली,” मी म्हणालो. “तुम्ही खोडलेला मुद्दा मी नोटिशीत परत घातला होता.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“बदली झाली त्याच आठवड्यात. मॅनेजरनं सुजाताबाईंपुढे तुझी नोटीसच ठेवली होती. त्यांनी मला फोटो पाठवला.”

“मग मला बोलला का नाहीत? सात महिने?”

“बोलणार होतो. पण तू दुसऱ्याच मंगळवारी बसस्टॉपवर येऊन उभा राहिलास. मग कशाला बोलायचं?” आणि पुढे म्हणाला, “सुजाताबाईंनाही कळत होतं मरे, तू कशाला येतोस ते.”

त्या दिवशी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता, आणि त्याचं करायचं काय हे मला कळेना. त्याच्या आंब्यांचा हेवा करता येतो, वॉचमनचा करता येतो. हे असं न बोलता राहणं कुठून आणायचं?

गेल्या दिवाळीनंतर साडूला आणि मेहुणीला त्यांच्या मुलानं कुडाळला नेलं. तिथे मोठं घर आहे, हवा चांगली आहे, ताजी मासळी दारात येते. दर रविवारी त्याचा फोन येतो. मागच्या रविवारी चाळीस मिनिटं तो तिथल्या एका किराणा दुकानदाराबद्दल सांगत होता. तो दुकानदार म्हणे पिशवी बांधताना आधी विचारतो, रिक्षानं जाणार की चालत, आणि चालत जाणार असलात तर सामान दोन पिशव्यांत सारखं विभागून देतो, एका खांद्याला भार नको म्हणून. अवघ्या पाच महिन्यांची ओळख, पण साडूला त्याच्या आईच्या मोतीबिंदूपर्यंत सगळं ठाऊक. मी ऐकत होतो आणि त्या कधी न पाहिलेल्या दुकानदाराचा मला हेवा वाटत होता.

“बरं, तुझं काय चाललंय?” त्यानं विचारलं.

सांगण्यासारखं बरंच होतं. पण मी म्हणालो, “काही नाही. तुम्ही बोला.”